निशिगंध

(गुलछडी, रजनीगंधा, कुल-ॲस्परागेसी). कंदापासून वाढणारी ही बहुवर्षायू ओषधी मूळची मेक्सिकोतील आहे. तिचे जुने शास्त्रीय नाव पॉलिअँथिस ट्यूबरोजा असे असून अलीकडे तिचा समावेश घायपाताच्या प्रजातीत करतात. ‘ट्यूबरोज’ या इंग्रजी नावाचा गुलाबाशी संबंध नाही; ‘गाठाळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले आहे. पाने अरुंद व गवतासारखी, त्यांच्यामधून सु. १ मी. उंच दांडा येतो व त्यावर पांढरी, मेणचट फुले खालून वर उमलत जातात. सुवास रात्री अधिक दरवळतो.

थंड प्रदेशांतील बागांत डॅफोडिलचे जे स्थान, ते महाराष्ट्राच्या पठारावर निशिगंधाकडे जाते. डॅफोडिलचा दांडा नीट वाढण्यास कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. ती विदर्भात मिळत नाही. थंडी देऊन आणलेला कंद पहिल्या वर्षी फुलला, तरी पुढे बहुधा पानांवरच थांबतो. उलट निशिगंधाला ऊब मानवते.

लागवड एप्रिल-मे महिन्यांत करतात, म्हणजे सणासुदीला फुले मिळू लागतात. काढलेले कंद तीन-चार आठवडे सावलीत सुकवून विश्रांती देतात. लागवडीस सु. २ ते ३ सेंमी. व्यासाचे, निरोगी कंद निवडावेत. लहान कंदांची वाढ पुष्कळदा पानांतच संपते. ते ताम्रयुक्त कवकनाशकाच्या द्रावणात बुडवून, टोक वर ठेवून ५ ते ६ सेंमी. खोल लावतात.

खरी अडचण पावसाळ्यात येते. वाशिम जिल्ह्यातील कामरगाव (ता. कारंजा) परिसरासारख्या काळ्या जमिनीच्या भागात पाणी साचून राहिल्यास जमिनीलगतचा भाग कुजतो, पाने पिवळी पडतात आणि उपटल्यावर कंद हाती येत नाही, केवळ लगदा येतो. यावर औषधापेक्षा निचरा महत्त्वाचा. म्हणून अशा जमिनीत सपाट वाफ्याऐवजी सरी-वरंब्यावर लागवड करावी, शेणखत चांगले कुजलेलेच घालावे व झड लागली असता पाणी बाहेर काढून द्यावे. कुंडीतही तळाचे छिद्र बुजलेले नसावे. रोगट झाडे कंदासह काढून जाळतात.

एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवती नवे कंद धरतात व पुढचा बहर त्यांच्यावर येतो. त्यामुळे दांडा कापल्यावर झाड उपटून टाकण्याची काही हौशी बागाइतांची सवय नुकसानीची होय. हिरवी पाने पोसूनच नवे कंद मोठे होतात. एका जागी पीक तीन वर्षे ठेवता येते. नंतर गर्दी होऊन दांडे आखूड पडतात.

एकेरी फुलांचे प्रकार अधिक सुवासिक असून हार, वेण्या व अत्तर यांसाठी वापरतात. दुहेरी प्रकार फुलदाणीसाठी. बंगळूरच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘शृंगार’ (एकेरी) व ‘सुवासिनी’ (दुहेरी) या वाणांपैकी पहिला मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना दाद देत नाही. हारासाठी मिटलेल्या कळ्या पहाटे खुडतात. दांडे मात्र खालची पहिली जोडी उमलल्यावर कापून लगेच पाण्यात ठेवतात.