बँड ‘यशस्वी’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा प्रश्न वरवर सोपा आहे: एखादा बँड यशस्वी झाला, असं कधी म्हणायचं? किती अल्बम खपले, किती व्ह्यूज आले, हे आपण लगेच विचारतो. पण खपलेल्या अल्बमचा पैसा जातो कुठे, ते आधी बघू या.

टीएलसी हा अटलांटाच्या तीन मुलींचा गट. १९९४ मध्ये त्यांचा ‘क्रेझीसेक्सीकूल’ आला. १९९५ च्या जुलैत त्यातलं ‘वॉटरफॉल्स’ बिलबोर्डवर पहिल्या नंबरला पोचलं आणि त्याच महिन्यात तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला! कर्जाला इतर कारणंही होती, पण एक मोठं कारण करारात होतं.

म्हणजे काय, ते सांगतो. कंपनी बँडला ॲडव्हान्स देते. ती असते उचल. रेकॉर्डिंगचा खर्च, बऱ्याचदा व्हिडिओचा काही भागही, बँडच्याच खात्यावर मांडला जातो. समजा, असे २० लाख झाले आणि शंभर रुपयांच्या अल्बममागे बँडचा वाटा १० रुपये. एक लाख अल्बम खपले, विक्री एक कोटीची झाली. बँडचे १० लाख मात्र उचलीत वळते. वर १० लाख फिटायचे बाकीच! लोकांना दिसतो हिट बँड. त्यांच्या हातात काहीच नाही.

वॉशिंग्टनच्या फुगाझीने वेगळी वाट धरली. १९८७ ते २००२ मध्ये हजारावर कार्यक्रम केले. तिकीट शक्यतो पाच डॉलर, टी-शर्टची विक्री नाही. अल्बम निघायचे डिस्कॉर्डवर. हे लेबल त्यांच्याच इयन मकायने १९८० मध्ये मित्राबरोबर काढलेलं. खर्च कमी, त्यामुळे देणंही कमी, आणि पुढचा अल्बम कधी, कसा करायचा हे ठरवणारे तेच चौघं.

आता, फुगाझी बरोबर आणि टीएलसी चूक, असं मी म्हणत नाही. टीएलसीची गाणी जगभर पोचली, त्यात कंपनीच्या पैशाचा आणि पसाऱ्याचा वाटा होताच. स्वतःचं लेबल चालवायचं तर हिशेब, छपाई, पार्सलं सगळं आपल्याच गळ्यात पडतं.

मला विचाराल तर यशाची कसोटी एवढीच: पुढचा अल्बम करता येईल का, आणि तो कसा करायचा हे तुमच्या हातात आहे का? तुमच्यापैकी कुणासमोर करार आला असेल, तर सहीआधी दोनच गोष्टी विचारा. कोणकोणता खर्च आमच्या वाट्यातून वळता होणार? आणि रेकॉर्डिंगची मालकी कुणाकडे, किती वर्षं? ॲडव्हान्सच्या आकड्यावर टाळ्या नंतर वाजवू. भेटू पुढच्या भागात.