भय कशाचें आणि सावधगिरी कशाची ?

बऱ्याच वर्षांपूर्वीं, आम्ही शिक्षकी पेशांत नवखे असतां, एका गांवच्या शाळेंत एक मुलगा शेवटच्या बाकावर एकटाच बसत असे. त्याचे वडील एड्सनें वारले, एवढेंच गांवास ठाऊक होतें. मुलाची तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें कोणीं विचारलेंहि नव्हतें. तरी त्याचा पाण्याचा पेला निराळा होता. आम्ही तें पाहिलें आणि गप्प राहिलों. पुस्तकी माहिती आम्हांस होती. परंतु विचारणाऱ्यास ठाम उत्तर देण्याइतकी ती पक्की नव्हती. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेंत आलाच नाहीं. तें न दिलेलें उत्तर आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

एच.आय.व्ही. हा एक विषाणू होय. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत १९८३ सालीं त्याचा शोध लागला. हिंदुस्थानांत तो प्रथम १९८६ सालीं, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखालीं मद्रास येथें झालेल्या तपासणींत आढळला. आपल्या रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांसारख्या असतात. हा विषाणू नेमका त्यांच्यांतच शिरतो, तेथें वाढतो व त्यांचा नाश करितो. उपचार न मिळाल्यास पुष्कळदां आठ-दहा वर्षांनीं पहारा इतका दुबळा होतो कीं, क्षयासारखे रोग घर करितात. त्या अवस्थेस एड्स म्हणतात. म्हणजे विषाणू शरीरांत असणें व एड्स होणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आतां तो पसरतो कसा ? मार्ग मोजके आहेत : बाधित व्यक्तीशीं असुरक्षित शरीरसंबंध; बाधित रक्त; दूषित सुई; आणि बाधित मातेकडून गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं किंवा अंगावरील दुधांतून बालकाकडे. हस्तांदोलनानें, एका ताटांत जेवल्यानें, एका पेल्यानें पाणी प्याल्यानें, खोकल्यानें किंवा डांस चावल्यानें तो पसरत नाहीं. त्या मुलाचा निराळा पेला कोणाचेंहि रक्षण करीत नव्हता.

खरें रक्षण निराळें आहे. अविवाहित तरुणांस संयम, विवाहितांस परस्परनिष्ठा, आणि जेथें धोका संभवतो तेथें निरोधाचा योग्य वापर. इंजेक्शनची सुई नवी आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. यात्रेंत गोंदवून घेण्याची हौस असेल, तर एकच सुई अनेकांस टोचणाऱ्यापासून दूर राहावें. रक्त घ्यावयाचें तें परवानाधारक रक्तपेढीचेंच असावें. चुकून धोक्याचा प्रसंग आलाच, तर लाजेनें घरीं न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. ७२ तासांच्या आंत औषध सुरू करून तें २८ दिवस घेतल्यास बाधा बहुधा टळते.

चेहऱ्यावरून हा विषाणू ओळखतां येत नाहीं. रक्ततपासणी हाच उपाय. सरकारी तपासणी केंद्रांत ती मोफत होते व गुप्त ठेविली जाते. मात्र बाधेनंतर कांहीं आठवडे ती निर्दोष दिसूं शकते. म्हणून तीन महिन्यांनीं पुन्हा करावी. गर्भवती मातेनें तर ती अवश्य करावी. उपचारांवांचून शंभरांपैकीं पंधरा ते पंचेचाळीस बालकांस बाधा होऊं शकते. वेळेवर उपचार मिळाल्यास हें प्रमाण पांचांच्याहि खालीं येतें.

विषाणू समूळ नाहींसा करणारें औषध अद्याप उपलब्ध नाहीं. पण त्यास दाबून ठेवणारीं औषधें सरकार २००४ सालापासून मोफत देत आहे. तीं रोज, न चुकतां, आयुष्यभर घ्यावीं लागतात. दिंडोरीच्या द्राक्षबागाइतदारांस हें वेगळें सांगावयास नको. फवारणींत हयगय झाली, तर डावणी पुन्हा उसळते आणि पुढें तेंच औषध तिला जुमानीत नाहीं. तसेंच येथेंहि घडतें. उलट नियम पाळला, तर काय होतें ? नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या पाहणींत पुणें व चेन्नई येथील जोडपींहि होतीं. उपचार लौकर सुरू केल्यास जोडीदारास होणारी बाधा शेंकडा ९६ नीं घटते, असें २०११ सालीं त्या पाहणींतून दिसून आलें. विषाणू रक्तांत मोजण्याइतकाहि उरला नाहीं, तर शरीरसंबंधांतून तो पसरत नाहीं, हें आतां सिद्ध झालें आहे.

अशा मुलांस भवितव्य नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं लातूर जिल्ह्यांतील हासेगांव येथें श्री. रवी बापटले यांनीं चालविलेलें ‘सेवालय’ पाहावें. तेथें वाढलेलीं मुलें शिकलीं, कांहींचे विवाहहि झाले. शिवाय २०१७ च्या कायद्यानें बाधित व्यक्तीस शाळेंत, नोकरींत वा दवाखान्यांत निराळी वागणूक देण्यास मनाई केली आहे, व तिच्या संमतीवांचून तिची स्थिति उघड करण्यासहि.

कोणास शंका असल्यास १०९७ या क्रमांकावर मोफत विचारतां येतें, आम्हांसहि विचारावें. यापुढें आमच्या वर्गांत असा विद्यार्थी आला, तर तो पहिल्या बाकावर, इतरांच्या शेजारीं बसेल, आणि सर्वांच्याच माठांतलें पाणी पिईल. पालकांनीं त्यास हरकत घेऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.