बँडचा सूर आणि राजनिष्ठा



आमच्या बुलढाण्याकडे लग्नसराईंत वरात निघाली म्हणजे पुढें बँड असतो. लाल डगला, खांद्यावर झालर, डोक्यावर तुरेदार टोपी आणि हातांत कॉर्नेट किंवा क्लॅरिओनेट. वाजविणारा आपल्यांतलाच, चालही बहुधा एखाद्या चित्रपटांतली. परंतु वेष आणि वाद्यें इंग्रजी पलटणीच्या वादकांचीं. इंग्रजांचें राज्य १९४७ सालीं गेलें, डगला मात्र राहिला. ह्याला कोणी गुलामगिरीचा अवशेष म्हणतात, कोणी निव्वळ हौस म्हणतात. ह्या वादाचा निकाल लावावयाचा, तर इंग्रजी राजाशीं एकनिष्ठ राहिलेल्यांनीं तें संगीत कसें ऐकलें आणि ऐकून त्याचें काय केलें, हें पाहिलें पाहिजे.

आधीं अमेरिकेकडे वळूं. तेथील तेरा वसाहतींनीं १७७६ सालीं स्वातंत्र्य पुकारलें, तेव्हां वसाहतवाल्यांपैकीं पुष्कळजण राजपक्षालाच चिकटून राहिले. न्यू यॉर्क शहर त्या वर्षापासून १७८३ पर्यंत इंग्रजी फौजेच्या ताब्यांत होतें व राजनिष्ठ कुटुंबें तेथें आश्रयाला येत. लष्करी अधिकारी नाटकें करीत, पलटणींचे वादक जलसे करीत. ओबो, क्लॅरिओनेट, हॉर्न आणि बसून ह्या फुंकवाद्यांच्या जोड्या त्यांत असत. हँडेलच्या रचना व मिन्युएट नांवाच्या नाचाच्या चाली ह्या मंडळींच्या आवडीच्या. राजनिष्ठेचें गीत म्हणजे अर्थात् ‘गॉड सेव्ह द किंग’. लंडनच्या नाटकगृहांत १७४५ सालीं दुसऱ्या जॉर्ज राजासाठीं तें गाइलें गेलें, आणि तेव्हांपासून सर्वतोमुखी झालें. मौज अशी कीं, स्वातंत्र्यवाद्यांनींही ती चाल टाकली नाहीं. तिच्यावर त्यांनीं वॉशिंग्टनच्या जयजयकाराचे शब्द बसविले! उलट, ‘यँकी डूडल’ हें गाणें इंग्रज शिपाई वसाहतवाल्यांच्या थट्टेसाठीं म्हणत. तेंच त्यांनीं आपल्या अभिमानाचें गाणें करून घेतलें. चालीला पक्ष नसतो, हें तेथें उघड झालें.

यॉर्कटाउन येथें १७८१ सालीं ज्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं, तोच पुढें १७८६ सालीं गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानांत आला. येथेंही कंपनीच्या पलटणींचे बँड होते. मद्रासच्या किल्ल्यांत ते वाजत, आणि त्यांचे सूर दक्षिणेंतील गवयांच्या कानीं पडत.

त्या दक्षिणेंत मराठ्यांचें एक राज्य होतें. आमच्या जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें माहेर. त्यांचे पति शहाजीराजे. शहाजीराजांना तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी ह्यांनीं तंजावरची गादी स्थापिली. तिच्यावर १७९८ सालीं दुसरे सरफोजी बसले. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें होतें. पुढच्याच वर्षीं, १७९९ सालीं, तहान्वयें राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, थोडा परिसर व महसुलाचा कांहीं हिस्सा एवढेंच उरलें. कंपनीशीं त्यांनीं १८३२ सालीं मृत्यु येईपर्यंत सलोखाच ठेविला.

ह्या राजांनीं इंग्रजी धर्तीचा बँड ठेविला होता. पाश्चात्य स्वरलिपींतील संगीताचा त्यांचा संग्रह सरस्वती महाल ग्रंथालयांत जपला गेला आहे. हें वाचून कोणी म्हणेल, राज्य दिलें आणि वर त्यांचींच वाद्यें वाजविलीं! परंतु ह्याच दरबारीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधु होते. भरतनाट्याच्या कार्यक्रमाला आजची घडण ज्यांनीं दिली, ते हेच. बँडसाठीं राजांनीं घरचें गाणें बाहेर काढलें नाहीं.

ह्या चौघांचे गुरु मुत्तुस्वामी दीक्षितर. त्यांनीं पाश्चात्य चालींवर देवतांचीं संस्कृत स्तोत्रें रचिलीं. इंग्रजी ‘नोट’ ह्या शब्दावरून त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. अशा ३०-४० रचना आहेत. त्या शंकराभरण रागांत आहेत. आपल्याकडे बिलावलाचे जे सात शुद्ध स्वर, तेच ते. त्यांपैकीं एक देवीस्तुति चक्क ‘गॉड सेव्ह द किंग’ ह्या चालीवर आहे! राजाच्या जागीं देवी बसली. शिवाय बँडमध्यें निरनिराळे स्वर एकाच वेळीं मिळवून वाजवितात. तो मेळ दीक्षितरांनीं सोडला आणि एकेरी चाल तेवढी घेतली. त्यांचे बंधु बाळुस्वामी मद्रासेंत व्हायोलिन शिकले, वडिवेलूंनींही तें हातीं घेतलें. वाद्य तेंच राहिलें, पण बैठक बदलली: वादक मांडी घालून बसला, वाद्याचें टोंक पायाच्या घोट्यावर टेकलें, तारा षड्ज-पंचमांत लागल्या. आज कर्नाटकी मैफल व्हायोलिनवांचून सहसा होत नाहीं.

तंजावरचें उरलेंसुरलें संस्थानही १८५५ सालीं कंपनीनें खालसा केलें. राजनिष्ठेनें गादी वांचली नाहीं. वांचलें तें ग्रंथालय, नृत्य आणि सुरांची ही देवघेव. म्हणून परक्याचें संगीत आवडणें ही लाचारी नव्हे, असें माझें मत आहे. तें ऐकून स्वतःचें विसरणें ही लाचारी.

आमच्या वरातींतला कॉर्नेटवालाही नकळत दीक्षितरांचीच वाट चालतो. बहुतेक वेळां तोही मेळ सोडून एकेरी चाल धरतो, आणि परक्या नळींतून आपलें गाणें काढतो. त्याच्या डगल्याला हंसण्यापूर्वीं घटकाभर दारांत उभें राहून त्याचें वाजविणें ऐकावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.