रक्तदाबावरील औषधे आणि पायांची सूज

रक्तदाब उतरविणारे औषध चालू असता रुग्णाच्या घोट्यांवर सूज यावी, हा प्रकार वैद्यांस नवा नाही. परंतु या सुजेचे कारण सर्व औषधांच्या बाबतीत एकच नसते, आणि उपचारांत गफलत होते ती येथेच.

जुने उदाहरण प्रथम घेऊ. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. पुढे १९५२ साली या वनस्पतीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पिनने नाक चोंदते, तसेच शरीरात मीठ व पाणी साठते. दाब उतरला की मूत्रपिंडे मीठ राखू लागतात. म्हणून जोडीला मूत्रल औषध देण्याची रीत पडली, व ती योग्यच होती. मिनॉक्सिडिलमध्ये तर ही प्रवृत्ती इतकी प्रबळ, की क्वचित हृदयावरणातही पाणी जमते.

आज सर्रास दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनची गोष्ट निराळी आहे. ती समजण्यास नळदुर्गचा दाखला सोयीचा पडेल. तेथील किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातील बंधारा असून पाणीमहाल त्याच्याच पोटात आहे. अशा बंधाऱ्याशी येणारे पाणी वाढले आणि सांडव्याची वाट तेवढीच राहिली, तर फुगवटा काठांवर चढणारच. अम्लोडिपिन धमनिका सैल करते; शिरा मात्र जवळजवळ तशाच राहतात. मधल्या केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर झिरपते व पायांकडे उतरते. मूत्रपिंडांचा येथे दोष नाही. औषधाच्या चाचण्यांत दररोज ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ३, तर १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ११ जणांस सूज आली. स्त्रियांत ती अधिक दिसली.

अशा सुजेवर मूत्रल औषध दिल्यास ती फारशी ओसरत नाही. उलट पोटॅशियम घटते, आणि उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्यास घेरी येण्याचा धोका वाढतो. मात्रा कमी करणे, किंवा शिराही सैल करणारे रामिप्रिल अथवा टेल्मिसार्टन जोडणे, हा खरा उपाय. मात्र रामिप्रिलने क्वचित ओठ व जीभ सुजतात. तेव्हा श्वास अडण्याची भीती असल्याने रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

सूज एकाच पायास असेल, किंवा तिच्यासोबत धाप लागत असेल, तर गोळीस दोष देण्यापूर्वी शिरेतील गुठळी, हत्तीरोग, हृदय व मूत्रपिंडे यांची तपासणी झाली पाहिजे. रुग्ण बहुधा याच्या नेमके उलट करतो : गोळी आपणच सोडतो, सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, आणि चढलेला रक्तदाब मात्र त्यास जाणवत नाही.