आधी क्रियापद

सकाळी सात. नेपल्समधली पंधरा वर्षांची एक मुलगी दप्तरात लॅटिनचा कोश कोंबते, मग त्यात दुसरं फारसं काही मावत नाही. कास्तिलिओनी आणि मारिओत्ती यांचा हा कोश 1966 साली निघाला. तिच्याजवळची प्रत आईची आहे, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

शाळा 'लिचेओ क्लासिको', म्हणजे अभिजात भाषांची. मुलगी दुसऱ्या वर्षाला. पण वर्गाला सगळे 'पाचवी' म्हणतात. जुन्या रचनेत हे वर्ष खरंच पाचवं होतं. 1940 मध्ये खालची तीन वर्षं वेगळी काढली, आकडा मात्र तसाच राहिला. आठवड्याला लॅटिनचे पाच तास आणि ग्रीकचे चार.

सव्वाआठला चाचणी सुरू. दोन तास, दहा-बारा ओळी, कोश उघडा ठेवायची मुभा. आज सीझर. इ.स.पू. 58 मध्ये हेल्वेशियन लोकांनी देश सोडला, तो उतारा. मुलींचे डोळे पानावर नाहीत, क्रियापदावर आहेत. इथे पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात. आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, बाकीचं मागून येईल. नऊच्या सुमाराला ही मुलगी एका ठिकाणी अडते. 'आशा' आणि 'काढून घेतलेली', दोन्ही शब्द पंचमीसारख्या एका विभक्तीत, आणि मुख्य वाक्याशी त्यांचा काही संबंध लागत नाही. आपल्याकडे संस्कृत घेतलेल्या मुलांना सति सप्तमी जिथे घाम फोडते, तीच ही जागा. कोशाची इथे मदत होत नाही, कारण शब्द तिला माहीतच आहेत. पंधरा मिनिटं जातात. मग एकदम सुटतं: परतीची आशा उरली नसता.

सव्वादहाला कागद गोळा. दहापैकी सहाला पास. इथल्या शिक्षकांची जुनी रीत अशी, की साध्या चुकीला लाल पेन्सिल आणि गंभीर चुकीला निळी. निळ्याची भीती जास्त.

अकराला गणित, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बाराला इतिहास-भूगोल, आणि माझ्या मते दिवसातला खरा लॅटिनचा तास हाच. बाई पडद्यावर एक हस्तिदंती बाई दाखवतात, वीतभर उंचीची, अंगभर दागिने. 1938 मध्ये ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली. आता मुक्काम नेपल्सच्याच संग्रहालयात. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेली मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. म्हणजे इ.स. 79 मध्ये व्हेसूव्हियसची राख पडायच्या आधीच भारतातलं काम या किनाऱ्यावर येऊन पोचलं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न येतो: विकत घेणाऱ्याला ती कोण आहे हे ठाऊक होतं का? बाई म्हणतात, कुणीच सांगू शकत नाही. असे प्रश्न लॅटिनच्या तासाला का पडत नाहीत, हे मला कोडंच आहे. रोमन माणसं शिकवायची म्हणून त्यांची भाषा शिकवायला घेतली, आणि भाषेनेच सगळं वेळापत्रक खाल्लं.

दोन वाजता सुटका. घरी जाताना ती सान लोरेन्झो माज्जोरेवरून जाते. चर्चखाली रोमन बाजार आहे, दुकानांच्या ओळींसकट. भूक लागलेली असल्यामुळे ती थांबत नाही.

चार ते सात गृहपाठ. साडेसातला मैत्रिणीचा फोन, 'त्या आशेचं तू काय केलंस?' दोघी उतारा पुन्हा वाचतात, आणि आता पहिल्यांदा त्यात काय घडतंय ते दिसतं. त्या हेल्वेशियन लोकांनी आपली बारा नगरं आणि चारशे गावं स्वतःच पेटवली होती. तीन महिन्यांचं पीठ घेतलं, उरलेलं धान्य जाळलं. कुणाला मागे फिरावंसं वाटू नये म्हणून. मैत्रीण पुढची पानं उलटते. हरल्यावर सीझरने त्यांना परत पाठवलं आणि जाळलेली गावं पुन्हा बांधायला लावली. निघालेल्या सगळ्या टोळ्या मिळून 3,68,000, परतलेले 1,10,000. आकडे सीझरचेच, म्हणजे जिंकणाऱ्याचे.

'बाईंनी हे विचारलं असतं तर?' मैत्रीण म्हणते.

नऊला ग्रीकची वही उघडते. उद्या तोंडी आहे.