हवामानाची भाषा आणि इंग्रजीचे अध्यापन : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

परभाषेचे व्याकरण शिकविताना शिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो उदाहरणांचा. नियम कोणत्याही पुस्तकात सापडतो. परंतु ज्या वाक्यातून तो नियम विद्यार्थ्याच्या मनात उतरावयाचा, ते वाक्य त्याच्या अनुभवातले नसेल तर नियम पाठ होतो, भाषा मात्र येत नाही. हिंगोली जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात विद्यार्थ्याच्या घरी रोज ज्याविषयी बोलणे होते असा एक विषय निश्चित आहे, तो म्हणजे पाऊसपाणी. या विषयाच्या आधारे इंग्रजीचे व्याकरण व शब्दसंग्रह कसा शिकविता येईल, आणि तसे करताना दोन भाषांतील कोणते भेद ध्यानात घ्यावे लागतील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या भागातील इंग्रजीच्या अध्यापनाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामी राजवटीखाली होता आणि माध्यमिक शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. मराठीभाषक मुलास इंग्रजीकडे जाण्यासाठी आणखी एका भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला; आणि पुढच्याच वर्षी, २००० सालच्या जूनपासून, राज्यातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे हा जिल्हा आणि पहिलीपासून इंग्रजी शिकणारी पिढी ही जवळजवळ एकाच वयाची आहेत. अध्यापनाची वर्षे वाढली. परंतु मराठीचे व्याकरण मनात घेऊन येणाऱ्या मुलास इंग्रजी वाक्य नेमके कोठे अडविते, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

पहिला अडथळा कर्त्याचा. मराठीत ‘पाऊस पडतो’ या वाक्यात पाऊस हा कर्ता आहे. इंग्रजीत मात्र ‘इट रेन्स’ असे म्हणावे लागते; तेथे पडण्याची सारी क्रिया क्रियापदातच सामावलेली असते, आणि ‘इट’ हे सर्वनाम कशाबद्दल आले आहे असे विचारले तर कशाबद्दलही नाही असेच उत्तर द्यावे लागते. विद्यार्थ्यास हे चमत्कारिक वाटते व तो ‘रेन इज फॉलिंग’ एवढ्यावरच थांबतो. येथे शिक्षकाने मराठीचीच मदत घ्यावी. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’ या वाक्यांत कर्ता कोण? आपले वैयाकरण यास भावकर्तरी प्रयोग म्हणतात. निसर्गातील काही क्रियांना कर्ता नसतो ही जाणीव दोन्ही भाषांत आहे. भेद इतकाच की मराठी कर्त्याची जागा रिकामी ठेवते, आणि इंग्रजीस ती रिकामी ठेवणे मान्य नसल्याने ती तेथे ‘इट’ बसविते. ‘उजाडले’ या शब्दापासून आरंभ केल्यास ‘इट’चे कोडे नवे राहत नाही.

दुसरा अडथळा अनुभव घेणाऱ्याचा. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात थंडी कर्ता असून माणूस चतुर्थीत आहे. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो : ‘आय फील कोल्ड’. मराठीत थंडी माणसाकडे येते, इंग्रजीत माणूस थंडी अनुभवतो. ‘मला तहान लागली’ व ‘मला घाम आला’ यांचीही तीच गत आहे. अशी वाक्ये एकत्र मांडल्यास एकच नियम सर्वांना लागू पडतो, हे मुलास दिसून येते.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा अडथळा काळाचा. महाराष्ट्रातील शालेय वर्ष जूनमध्ये, म्हणजे खरिपाबरोबरच सुरू होते. त्यामुळे क्रियापदाचे काळ शिकविण्याचा क्रम शेतीच्या वर्षाशी सहज जुळविता येतो. मृग नक्षत्र निघाले की घरोघरी ‘पाऊस पडला तर पेरणी करू’ हे वाक्य ऐकू येते. त्यात ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे असूनही अर्थ भविष्याचा आहे. इंग्रजीत त्या जागी वर्तमानकाळ येतो : ‘इफ इट रेन्स, वुई विल सो’. मराठी रूपाचे अनुकरण करून विद्यार्थी ‘इफ इट रेन्ड’ असे लिहितो, तेव्हा त्या वाक्यातील पावसाची शक्यताच दुरावते, हे त्यास समजावून सांगावयास हवे. श्रावणात झड लागली म्हणजे ‘दोन दिवसांपासून पाऊस पडत आहे’ असे आपण म्हणतो आणि त्याचे ‘इट इज रेनिंग सिन्स टू डेज’ असे सर्रास भाषांतर होते. इंग्रजीची रीत ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर टू डेज’ अशी आहे. मागे सुरू होऊन अद्याप न थांबलेल्या क्रियेसाठी तेथे वेगळे रूप आहे; आणि ‘फॉर’ कालावधी दाखविते, तर ‘सिन्स’ आरंभबिंदू. पुढे सुगीच्या वेळी, पीक हातचे गेले असल्यास, ‘वेळेवर पाऊस पडला असता तर सोयाबीन आले असते’ हे वाक्य येते. मराठीतील ‘असता… असते’ ही जोडी आणि इंग्रजीतील ‘हॅड… वुड हॅव’ ही जोडी यांचे कार्य एकच आहे. संकेतार्थाचा हा अवघड पाठ ज्यास घरच्या नुकसानीमुळे कळला, त्यास सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत तीन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. एक, शब्दांची सोबत. मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. म्हणून विशेषण सुटे न शिकविता नामासह शिकवावे. दोन, मोजणी. ‘रेन’ सामान्यतः मोजले जात नाही, ‘शॉवर’ मोजता येते. मराठीत पाऊस आणि सर यांचे नाते तसेच आहे. उलट आपल्याकडे गारा अनेकवचनी, तर इंग्रजीतील ‘हेल’ एकवचनी. तीन, अर्थाची व्याप्ती. ‘हवामान’ हा आपला एक शब्द इंग्रजीतील ‘वेदर’ व ‘क्लायमेट’ या दोहोंचे काम करतो. आजची दुपार ‘वेदर’मध्ये मोडते, अनेक वर्षांच्या सरासरीतून दिसणारा स्वभाव ‘क्लायमेट’मध्ये. ‘दुष्काळ’ या शब्दात पावसाचा अभाव आणि अन्नाचा अभाव हे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजी त्यांस ‘ड्राउट’ व ‘फॅमिन’ असे वेगळे करते. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पाऊस गेला, पिके गेली. परंतु मोठ्या प्रमाणावर काढलेल्या सरकारी कामांमुळे ‘ड्राउट’चे रूपांतर व्यापक ‘फॅमिन’मध्ये झाले नाही, असे अभ्यासक मांडतात. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. एका मराठी शब्दाचे दोन इंग्रजी शब्द करताना विद्यार्थी इतिहासाचाही एक पाठ शिकतो. उलटपक्षी ‘ओला दुष्काळ’ हा आपला शब्दप्रयोग इंग्रजीत शब्दशः नेल्यास वाचकास विरोधाभास वाटेल. तेथे अतिवृष्टीने झालेली पीकहानी असा अर्थच सांगावा लागेल. काही शब्द मात्र आधीच परिचयाचे आहेत. ‘मॉन्सून’ हा इंग्रजी शब्द अरबी ‘मौसिम’पासून पोर्तुगीज भाषेमार्गे तेथे पोहोचला, आणि आपला ‘मोसम’ही त्याच मुळाचा.

या पद्धतीस अध्यापनशास्त्राचा आधार आहे. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली दोन भाषांची पद्धतशीर तुलना करून अडचणींचे भाकीत करता येते असे प्रतिपादन केले. पुढे १९६७ साली पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे त्याच्या शिकण्याचा पुरावा होय, असा विचार मांडला. आपल्या देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत केलेल्या प्रयोगात नकाशे, वेळापत्रके यांवरील कृती मुलांकडून करवून घेतल्या. लक्ष अर्थाकडे असताना व्याकरण आत्मसात होते, ही त्यामागील धारणा होती. वर्गात पर्जन्यमापक ठेवून रोज फळ्यावर दोन इंग्रजी वाक्यांची नोंद करणे ही त्याच जातीची कृती होय. मात्र केवळ विषय घरचा घेतल्याने व्याकरण आपोआप येईल, असे मानणे चूक ठरेल. नोंदीनंतर रूपांची तुलना शिक्षकानेच करून दाखवावी लागते. तसेच हिमवर्षाव व वसंत यांचे पाठ वगळावेत असाही याचा अर्थ नव्हे; आरंभ कोठून करावा, एवढाच प्रश्न आहे.

या अभ्यासाचा व्यावहारिक उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या इंग्रजी अंदाजात ‘हेवी रेन लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस’ असे वाक्य वारंवार येते. यातील प्रत्येक शब्दास निश्चित मर्यादा आहे. ‘हेवी’ म्हणजे चोवीस तासांत ६४·५ ते ११५·५ मिलिमीटर पाऊस. ‘आयसोलेटेड’ म्हणजे क्षेत्रातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. ‘लाइकली’ म्हणजे शक्यता, खात्री नव्हे. ‘आयसोलेटेड’ हे विशेषण ठिकाणांचे असून पावसाचे नाही. हे ज्याच्या ध्यानात आले नाही, तो ‘हेवी’ एवढाच शब्द पाहून आपल्या शिवारात पाऊस होणारच असे धरून चालेल. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. पाऊस होण्यापूर्वीच, एका विशेषणाच्या भरवशावर पेरलेले बियाणे करपले तर दुबार पेरणीचा खर्च त्या कुटुंबावर पडतो. मराठी अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांसही हीच कसोटी लागू आहे. विशेषण कोणत्या नामाचे, हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र शेताच्या बांधावर उपयोगी पडते.