बर्फावर वळणारा दगड

यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डीच्या परिसरात काळ्या दगडाचे षटकोनी खांब आहेत. कुणा राजाच्या देवळाचं काम अर्धवट राहिलं असावं, असंच पाहणाऱ्याला वाटतं. पण या खांबांना छिन्नी लागलेलीच नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, निवताना आकसला, तडकला आणि त्या भेगा खोल उतरत गेल्या. त्यातून बेसॉल्टचे हे खांब घडले.

पृथ्वीच्या हिशेबात त्यानंतर लवकरच, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ शिलारस जमिनीखालीच गोठला. वरचे थर झिजून उघडा पडलेला तो गोळा म्हणजे एल्सा क्रेग हे बेट. त्याच्या कड्यांनाही उभ्या खांबांसारख्या भेगा आहेत. ऑलिंपिकमध्ये कर्लिंग हा बर्फावरचा खेळ ज्या दगडांनी खेळतात, ते याच बेटावरचे. इथल्या ‘ब्लू होन’ या बारीक कणांच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी शिरत नाही. शिरलं असतं, तर आत गोठून त्यानेच दगड फोडला असता.

हा दगड असतो जास्तीत जास्त 19.96 किलोचा. सुमारे 45 मीटर लांब बर्फपट्टीच्या एका टोकाहून तो सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला आखलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवायचा. महिलांच्या संघात चौघी, प्रत्येकीचे दोन दगड. दोघी पुढे धावत ब्रशने बर्फ घासतात. घासल्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण घटतं, दगड लांब आणि सरळ जातो. सोडलेल्या दगडाला हात न लावता त्याची वाट बदलणाऱ्या या बायका पाहताना माझा तर श्वास अडकतो.

महिलांची जागतिक स्पर्धा 1979 साली स्कॉटलंडमधल्या पर्थला सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद स्वित्झर्लंडने नेलं. अलीकडे सिल्वाना तिरिन्झोनीच्या स्विस संघाने 2019, 2021, 2022 आणि 2023 अशी सलग चार जगज्जेतेपदं मिळवली (2020 ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही). कर्णधार तिरिन्झोनी, पण शेवटचे, सगळ्यात जोखमीचे दगड टाकायची अलिना पेट्झ. किती विश्वास असेल एकमेकींवर! पुढे 2024 आणि 2025 च्या अंतिम सामन्यांत रेचेल होमनच्या कॅनडाने त्यांना हरवलं.

आता या खेळातलं खरं कोडं. घरातली स्टीलची वाटी गुळगुळीत फरशीवर पालथी घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देऊन पुढे ढकला. ती डावीकडे वळेल. सरकताना वाटीचा भार पुढच्या कडेवर येतो, तिथे घर्षण वाढतं आणि ते वाटीला डावीकडे रेटतं. कर्लिंगचा दगड तशाच गिरकीने सोडला, तर मात्र उजवीकडे वळतो, तोही चांगला मीटरभर!

दगडाचा तळ खोलगट असतो, बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद कडा. बर्फही सपाट नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुटकुळ्या गोठवलेल्या असतात. काही शास्त्रज्ञांच्या मते पुढच्या भाराने तिथला बर्फ अधिक ओलसर होतो आणि घर्षण उलट घटतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली वेगळीच उकल मांडली: कडेचा पुढचा भाग बर्फावर तिरपे ओरखडे काढतो आणि मागचा भाग त्या ओरखड्यांच्या कलाने जातो. वाद अजून मिटलेला नाही.

मैदानावर मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहत बसता येत नाही. एकाच बेटावरचे असले, तरी कुठला दगड जास्त वळतो, कुठला कमी. म्हणून सामन्यांआधी खेळाडू एकेक दगड टाकून पाहतात, कुठला किती वळतो ते टिपून ठेवतात आणि सारख्या वळणाचे दोन दगड निवडून एकीच्या वाट्याला देतात.